कुवेतचे कागद: चेंबरचा शिक्का घेण्याआधी एक फोन करा

भाऊ, तुम्ही लिहिलंत की समुद्रपूर तालुक्यातल्या तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची हळद पावडर पहिल्यांदाच कुवेतला चालली आहे, सौदा एलसीवर (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद दाखवले की बँक पैसे देते) आहे आणि खरेदीदाराने इन्व्हॉइस व सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशाचा त्याचा दाखला) ‘लीगलाइज्ड’, म्हणजे वकिलातीपर्यंत प्रमाणित करून, मागितलंय. एजंट म्हणतो, चेंबरचा (व्यापारी संघटनेचा) शिक्का जवळ मिळेल तिथून घ्या, बाकी आठवडाभरात होऊन जाईल. हे ‘जवळ मिळेल तिथून’ वाचलं आणि राहवलं नाही. मी भिवापूरकडचा, वाळलेली मिरची पाठवतो. आयईसी, स्पाइसेस बोर्डाची नोंदणी, एडी कोड, फायटो वगैरे निर्यातीचं नेहमीचं कागदपत्र तुमचं झालेलं असणार, त्यात शिरत नाही.

कुवेत अपोस्टिलच्या हेग करारात (एकाच सरकारी प्रमाणपत्रावर कागद दुसऱ्या सभासद देशात चालतो, तो करार) नाही. म्हणून एका स्टिकरवर भागत नाही. आधी चेंबर, मग परराष्ट्र मंत्रालय, मग कुवेतची वकिलात. हे तुम्हाला एजंटने सांगितलंच असेल. तो जे सांगत नाही ते असं, की या तिन्ही ठिकाणी तुमची हळद कोणीच बघत नाही. मंत्रालय बघतं ते चेंबरच्या माणसाची सही त्यांच्या दप्तरी असलेल्या नमुन्याशी जुळते की नाही. वकिलात बघते ती मंत्रालयाची सही. नमुना दप्तरी नसेल तर शिक्का कितीही गोल आणि ठळक असो, कागद परत.

माझ्या वेळेस जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका संस्थेने (नाव घेत नाही, पुन्हा त्यांच्याच दारात जायची वेळ येऊ शकते) फी घेतली, पावती दिली, सही-शिक्का करून कागद हातात ठेवले. कागद मंत्रालयाच्या टप्प्यावरून परत आले. कारण काय, तर आधीचे सही करणारे निवृत्त झालेले आणि नव्या साहेबांच्या सहीचा नमुना वर पाठवलेलाच नव्हता. मी फोन केला तर म्हणे, ‘आम्ही शिक्का मारून दिला जी, पुढचं तुमचं तुम्ही पाहा.’ नमुना पाठवा म्हटलं तर त्याला कमिटीचा ठराव लागतो, ठरावाला मीटिंग लागते, आणि लग्नसराईत मीटिंगला कोरम होत नाही! फी घेताना कोणत्या ठरावाची गरज पडली नव्हती, हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. फरक काहीच पडला नाही. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या चेंबरकडून कागद नव्याने करून घेतले, त्यांची सभासद नसलेल्यांसाठीची जास्तीची फी भरून.

पैसा मात्र या फीमध्ये गेला नाही, तो एलसीत गेला. तुमच्या एलसीत ‘पिरियड ऑफ प्रेझेंटेशन’ची ओळ आहे का, ते आज बघा. काही लिहिलं नसेल तर यूसीपी ६०० (एलसीची आंतरराष्ट्रीय नियमावली) च्या नियमाप्रमाणे माल जहाजावर चढल्यापासून २१ दिवसांत, आणि एलसीची मुदत संपायच्या आत, सगळे कागद बँकेत पोचायला हवेत. शनिवार-रविवार, वकिलातीच्या सुट्ट्या, ईद-दिवाळी सगळं त्याच २१ दिवसांत. ते उलटले की बँक ‘डिस्क्रेपन्सी’ (कागदांत त्रुटी) लावते, आणि मग पैसे द्यायचे की नाही हे खरेदीदाराच्या मर्जीवर जातं. आमचा खरेदीदार तोवर फोनवर भाई भाई करायचा. डिस्क्रेपन्सी लागल्याबरोबर भाव पडल्याची आठवण त्याला झाली. त्यात मुंबईहून कुवेत काही लांब नाही. कंटेनर कुवेतच्या शुवैख बंदरात उतरून पडला, मूळ कागद इकडेच, म्हणून माल सुटेना. तिकडचं डेमरेज (बंदरात पडून राहिल्याचा आकार) आणि लाइनचं डिटेन्शन (जहाज कंपनीचा कंटेनर अडकवल्याचा आकार), दोन्ही आमच्याच रकमेतून कापलं. नफा कुठे गेला ते विचारू नका.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या. चेंबरच्या खिडकीवर फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: सही कोण करणार, आणि त्या माणसाचा नमुना मंत्रालयाकडे आज चालू आहे का. तोंडी ‘हो हो’वर जाऊ नका, ई-मेलवर घ्या. त्याच नावाने कागद पुढे सरकवणाऱ्या एजन्सीला फोन करून खात्री करा. परराष्ट्र मंत्रालय २०१२ पासून असे कागद थेट हातात घेत नाही, ठरवून दिलेल्या एजन्सींमार्फतच घेतं, आणि कोणाचे कागद परत येतात हे त्या खिडकीवरच्या पोरांना पाठ असतं. तुम्ही विचारलंय, स्वतः मुंबईला जाऊ का? या टप्प्यासाठी विदर्भ एक्सप्रेस पकडायची काही गरज नाही. जायचंच असेल तर चेंबरमध्ये जा, तिथे समोर बसलेल्या माणसाचं काम लवकर होतं.

दुसरं, एलसी अजून बदलता येत असेल तर बदलून घ्या. २१ च्या जागी ३०-३५ दिवस मागा. त्याहून बरं म्हणजे लीगलायझेशनची अट एलसीतून काढून टाका आणि ते कागद वेगळे पाठवायचं ठरवा. खरेदीदार कुरकुर करेल, करू द्या. एलसी न बदलता माल भरू नये असं मी म्हणेन, पण तुमचा सौदा तुम्हाला माहीत.

आणि जहाज सुटायची वाट कशाला पाहता? वजन, पोत्यांची संख्या गोडाऊनमध्येच पक्की करा आणि इन्व्हॉइस व ओरिजिन कंटेनर भरतानाच चेंबरकडे लावा. इन्व्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळायलाच हवं. एलसीत ‘टर्मरिक पावडर’ असेल तर कौतुकाने पुढे ‘वायगाव’ जोडू नका. वायगाव हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय हे खरं, पण बँकेच्या कारकुनाला त्याचं काही नाही.

ओरिजिनचं अजून एक. प्रेफरेन्शियल नसलेलं (आयात शुल्कात सवलत न देणारं) सर्टिफिकेटही १ जानेवारी २०२५ पासून डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवरूनच काढावं लागतं. त्यावर डिजिटल सही असते. वकिलातीला ते प्रिंट चालतं की वर चेंबरची शाईची सही हवी, हे त्यांनाच आधी विचारा.

कुवेतचं हे सगळं बाकी आखाताला लावू नका. ओमान, बहारीन अपोस्टिलवाले आहेत, सौदीही डिसेंबर २०२२ पासून. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये आहे, वर एजन्सीचा थोडा आकार. कोणी हजारांत आकडा सांगितला तर फोड मागा. दुबईचं अजून वेगळं: १०,००० दिरहम किंवा वरच्या इन्व्हॉइसला तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचं ऑनलाइन अटेस्टेशन लागतं, १५० दिरहम, आणि ते आयातदार करतो. तो खर्च तुमच्या माथी मारला तर मान्य करू नका. आमच्या वरुड-मोर्शीच्या संत्रेवाल्यांसाठी बांगलादेशही मार्च २०२५ अखेर अपोस्टिलमध्ये आला, पण त्यांचं रडणं तिकडच्या आयात शुल्काचं आहे, कागदाचं नाही.

बारीकसारीक: कंपनीचा रबरी शिक्का फक्त मराठीत असेल तर इंग्रजीचा करून घ्या. चेंबरने पानं टाचून वर शिक्का मारला असेल तर झेरॉक्ससाठीसुद्धा पिन काढू नका. कागदाची मागची बाजू कोरी ठेवा, शिक्के तिथेच बसतात. आणि मूळ प्रती एकापेक्षा जास्त करा. फी दुप्पट लागेल, लागू द्या.

मी एजंट नाही, वकीलही नाही, आणि वकिलातींचे दर-नियम कोणाला न सांगता बदलतात. त्यामुळे माझ्या शब्दावर माल हलवू नका. एलसीतलं लीगलायझेशनचं कलम, खरेदीदाराचं नाव झाकून, जसंच्या तसं इथे टाका. ‘अटेस्टेड बाय चेंबर’ एवढंच लिहिलं असेल तर वकिलातीपर्यंत जायची गरजच पडणार नाही, आणि एजंट तुमच्याकडून फुकटचे पैसे घेतोय.