वडील वारले, त्यांची बाराबोर घरातच आहे, आता काय करू?

इंदिरानगरच्या एका दादांचा मेसेज आलाय, त्यांना विचारून, नाव काढून थोडक्यात सांगते. वडील, म्हणजे तात्या, पिंपळगाव बसवंतकडचे द्राक्ष बागायतदार. त्यांच्या नावावर डबल बारची बाराबोर, म्हणजे दोन नळ्यांची छर्ऱ्यांची बंदूक होती, लायसन्स रीतसर, शेवटपर्यंत रिन्यू केलेलं. तात्या वयाच्या ७८व्या वर्षी गेले, त्याला आता चौदा महिने झाले. गावचं जुनं घर पाडायला काढलं तेव्हा दादांनी बंदूक गोधडीत गुंडाळली, गाडीच्या डिकीत टाकून नाशिकला आणली आणि अकरा काडतुसांसकट बेडरूमच्या दिवाणात ठेवून दिली. दसऱ्याला काढून पूजा केली, झेंडू वाहिला, पुतण्याने स्टेटसला फोटोही टाकला. पूजा झाल्यावर बंदूक कुठे गेली हे नऊ वर्षांच्या मुलाने बरोबर बघून ठेवलं, आणि मागच्या आठवड्यात शेजारचा मित्र खेळायला आलेला असताना दिवाण उघडून बंदूक त्याच्यावर रोखून उभा राहिला. वहिनी दुधाचे कप घेऊन दारात आल्या म्हणून दिसलं. बंदूक रिकामी होती असं दादा म्हणतात, काडतुसं त्याच दिवाणात, शेवयांच्या डब्यात.

आता दादा विचारतायत की मला अटक होईल का, ती माझ्या नावावर होईल का, आणि धाकटा भाऊ म्हणतोय की रानात बिबट्या फिरतो, बंदूक गावाला परत दे, तर देऊ का. घरात वाद पण चालू आहे, वहिनी म्हणतात बंदुकीचे कायदे अजून कडक पाहिजेत, भाऊ म्हणतो कायदे सगळे शेतकऱ्यालाच, गुंडांकडे गावठी कट्टे आहेत त्यांना कोण विचारतं.

दादा, वादाचं नंतर बघू. आधी आज रात्रीचं सांगते. काडतुसांचा डबा त्या दिवाणातून काढा आणि वेगळ्या कुलपात ठेवा, बंदूक कुलपात, दोन्हीच्या किल्ल्या तुमच्या खिशात. पाहुणे येतात तेव्हा काढतो तसं कौतुकाने बाहेर काढायचं नाही, खटका दाबून बघायचा नाही, साफ करायची नाही. तुम्हीच लिहिलंय की तात्यांनी तुम्हाला कधी हात लावू दिला नाही, म्हणजे ती कशी मोडून, म्हणजे नळ्या उघडून, तपासायची हे तुम्हाला येत नाही, मग रिकामी आहे हे तुम्ही कशाच्या जोरावर म्हणताय? पोलिस स्टेशनमधला माणूस ती समोर मोडून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दाखवेल तेव्हा रिकामी म्हणायचं, तोपर्यंत भरलेली आहे असंच धरून चाला.

आता कायदा. बंदूक ही वस्तू म्हणून वारसांची झाली, पण लायसन्स तात्यांचं होतं आणि ते तात्यांबरोबर संपलं. लोकांची इथेच गफलत होते, घर जसं वारसाने येतं तशी बंदूक येते असं वाटतं, पण शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे ती जवळ बाळगायला स्वतःच्या नावाचं लायसन्स लागतं, आणि कलम २१ सांगतं की लायसन्स संपलं किंवा कुठल्याही कारणाने शस्त्र जवळ ठेवणं कायदेशीर राहिलं नाही तर विनाकारण उशीर न करता ते जवळच्या पोलिस स्टेशनला किंवा लायसन्स असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचं. तेराव्यापर्यंत, फार तर महिन्याभरात केलं असतं तर कुणी काही बोललं नसतं. चौदा महिने हा विनाकारण उशीरच आहे, मी गोड बोलून तुम्हाला खोटा धीर देणार नाही.

शिक्षा काय? कलम २५(१ब) खाली विनालायसन्स बंदूक किंवा काडतूस बाळगण्याला आधी किमान एक वर्ष, जास्तीत जास्त तीन वर्षं होती, डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने ती किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं झाली, वर दंड. कोर्ट खास कारण लिहून किमान शिक्षेपेक्षा कमी देऊ शकतं. गुन्हा दखलपात्र आहे, पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये गुणवंतलालच्या केसमध्ये आणि पुढे संजय दत्तच्या केसमध्ये सांगितलंय की नुसतं शस्त्र सापडणं पुरेसं नाही, माणसाला ते आपल्याजवळ आहे याची जाणीव पाहिजे, पण तुम्ही स्वतः आणलीत, पूजा केलीत, फोटो निघाला, तेव्हा मला माहीतच नव्हतं हा बचाव तुमच्याकडे नाही, तो घ्यायचा विचारही करू नका. तुमच्या बाजूने आहे ते एवढंच की बंदूक चोरीची नाही, नंबरची आहे, लायसन्सवर चढलेली आहे, तिने काही गुन्हा झालेला नाही आणि तुम्ही स्वतःहून जमा करायला जाताय. शिवाय कलम ३ मोडल्याबद्दल खटला भरायचा तर कलम ३९ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्याची आधी मंजुरी लागते, आणि नाशिक शहरात आयुक्तालय असल्यामुळे या कायद्यापुरता तो अधिकार पोलिस आयुक्तांचा. म्हणजे तुमचा कागद कुणीतरी विचार करून वाचणार आहे, म्हणून तो खरा पाहिजे. अटक होणारच नाही असं मी लिहून देणार नाही, पण पकडला गेलेला माणूस आणि स्वतः आलेला माणूस यांच्याकडे बघायची नजर वेगळी असते, हे इतकी वर्षं नाशिकला सीबीएस स्टँडजवळच्या कोर्टात वकील म्हणून उभं राहून मी सांगू शकते.

जमा करायचं कसं ते नीट वाचा, कारण घोळ इथेच होतो. बंदूक पिशवीत घालून स्कूटरवर पोलिस स्टेशनला जाऊ नका, वाटेत नाकाबंदीत थांबवलं तर तुम्ही जमा करायलाच निघाला होतात हे सिद्ध कोण करणार. आधी अर्ज. साध्या मराठीत, पोलिस निरीक्षकांना उद्देशून. वडिलांचं नाव, मृत्यूची तारीख, लायसन्स नंबर, त्यावरचा यूआयएन, म्हणजे लायसन्सधारकाचा ओळख नंबर, बंदुकीचा नंबर, काडतुसं अकरा, बंदूक गावाहून कधी आणि का आणली, आत्तापर्यंत जमा का केली नाही. अज्ञान असेल तर अज्ञान लिहा. ती गावालाच होती असं लिहू नका, कालच सापडली असं तर अजिबात लिहू नका, पुतण्याचा दसऱ्याचा फोटो कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये आहे, आणि तो डिलीट करायच्या मागेही लागू नका, लपवालपवी म्हणून तेच अंगावर येतं. सोबत मृत्यूच्या दाखल्याची आणि लायसन्सच्या पुस्तकाची झेरॉक्स. हा अर्ज घेऊन एखाद्या वकिलाला बरोबर घेऊन जा, अटकपूर्व जामिनाची तयारी ठेवायची का हेही त्याच्याशी आधी बोला, आणि आवक शिक्का घेतल्यावर विचारा की शस्त्र कसं आणू, तुमचा माणूस येतोय का. मग ते सांगतील तसं.

पावतीत काय आहे ते तिथेच उभं राहून वाचा. माझ्याकडे एका कुटुंबाची केस होती, त्यांच्या पावतीवर नुसतं 'एक जुनी बंदूक' एवढंच, ना नंबर, ना काडतुसांचा आकडा, चार वर्षांनी विकायला परत मागितली तर कुठली तुमची हे ठरवण्यात वर्ष गेलं. पावतीवर मेकर, नंबर, नळ्या दोन, काडतुसं अकरा, तारीख आणि सही-शिक्का पाहिजे. लाकडावर चिरा असेल, पट्टा असेल तर तेही लिहून घ्या. काडतुसं जुनी, दमट हवेने फुगलेली असतील तर तसं सांगा आणि स्वतः ती उघडायला जाऊ नका.

भावाला परत द्यायची का? नाही, एका रात्रीसाठी पण नाही. त्याच्याकडेही लायसन्स नाही, म्हणजे गुन्हा दिवाणातून उचलून मळ्यात नेला एवढंच होईल. ओळखीच्या माणसाला हातोहात विकायची नाही आणि गोदावरीत टाकायची तर नाहीच, लायसन्सवर नंबर आहे, उद्या कोणी विचारलं बंदूक कुठे तर काय सांगाल. आणि बिबट्याचं म्हणाल तर भावाची भीती मी खोटी म्हणणार नाही, निफाड-सिन्नरकडे रात्री लाइट आल्यावर बागेला पाणी भरायला जाणाऱ्या माणसाच्या पोटात काय गोळा येतो ते माझ्या माहेरच्यांना विचारा. पण बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याची शिकार म्हणजे ३ ते ७ वर्षं. खरंच अंगावर आला आणि जीव वाचवताना मारला गेला तर कलम ११ मध्ये सूट आहे, मात्र हातात विनालायसन्स बंदूक असेल तर शस्त्राचा गुन्हा वेगळा उभा राहतोच. पिंजऱ्यासाठी वनविभागाचा १९२६ नंबर फिरवा, ग्रामपंचायतीचा ठराव जोडून लेखी अर्ज द्या, आणि दिवसा वीज मिळावी म्हणून सगळ्या गावाने मिळून मागणी लावून धरा, बारात छर्रे भरण्यापेक्षा त्याने जास्त जीव वाचतील.

लायसन्स वारसाच्या नावावर होऊ शकतं. शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ मध्ये मयत लायसन्सधारकाच्या वारसाला लायसन्स देता येतं, 'देता येतं' म्हणजे हक्काने मिळतंच असं नाही, पोलिस चौकशी, तब्येतीचा दाखला, शस्त्र हाताळायचं ट्रेनिंग, वयाची २१ वर्षं पूर्ण, हे सगळं लागतं. तुम्ही अर्ज केला तर तो आयुक्तालयात, गावातल्या भावाने केला तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत. आई, बहीण सगळ्यांची ना हरकत प्रतिज्ञापत्रावर घ्या. नाकारलं तर कलम १८ खाली अपील आहे. पण दादा, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, बंदूक चालवता न येणाऱ्या माणसाने ती कशासाठी घ्यायची? तात्यांची आठवण म्हणून तात्यांचं घड्याळ ठेवा. भावाला पिकासाठी हवी असेल तर कायद्यात त्यासाठी मुळात ठासणीची बंदूक धरलेली आहे, ती पुरणार नाही हे अधिकाऱ्याला पटलं तरच दुसरी, तेव्हा तात्यांचं लायसन्स पीक संरक्षणाचं होतं की आत्मसंरक्षणाचं ते पुस्तकात आधी बघा. कुणालाच घ्यायची नसेल तर जमा असतानाच, नियमातल्या मुदतीत, लायसन्स असलेल्या माणसाला किंवा विक्रेत्याला विकता येते, मुदत गेली की सरकारजमा होऊ शकते.

ज्यांचे वडील अजून आहेत त्यांच्यासाठी पण एक, त्याच नियम २५ मध्ये धारकाने सत्तरी गाठली किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो हयातीतच वारसाला लायसन्ससाठी नेमू शकतो. तात्यांना हे आठ वर्षं करता आलं असतं, कोणी सांगितलंच नाही.

आता घरातला वाद. भाऊ म्हणतो तसं इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने आपली हत्यारं काढून घेतली हे खरंय, आणि गावठी कट्ट्यांचा राग मलाही आहे, पण अमेरिकेत शस्त्राचा हक्क १७९१ पासून घटनेत आहे तसा आपल्याकडे नाही, आपल्याकडे तो परवाना आहे आणि मला तो परवानाच राहायला हवाय. वहिनींना मी एवढंच म्हणेन की शिक्षा आणखी वाढवून तुमच्या दिवाणाला कुलूप लागणार नव्हतं. २०१९ ला एका माणसाला ठेवता येणाऱ्या तीन बंदुकांच्या दोन केल्या, लग्नात हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आणला, चांगलंच केलं, पण त्याच दुरुस्तीत लायसन्सची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली, म्हणजे कागद तपासायची वेळ उलट लांबली. माझं स्पष्ट मत आहे की कडकपणा हवा तो इथे. तात्या गेल्यावर रेशनकार्डावरचं नाव कमी झालं, सातबाऱ्याला वारस लागले, बँकेने खातं थांबवलं, आणि जीव घेऊ शकणाऱ्या एकाच वस्तूबद्दल तुमच्या दारात कोणी आलं नाही. मृत्यूचा दाखला निघाला की त्याची खबर आपोआप शस्त्र शाखेला गेली पाहिजे, आणि कुलपाचं कपाट दाखवल्याशिवाय रिन्युअल होता कामा नये. वहिनींनी याच मागणीचं निवेदन आमदारांना द्यावं, मी मसुदा करून देईन, फी नको.

शेजारच्यांनाही जाऊन सांगा काय झालं ते, त्यांच्या लेकरावर रोखली गेली होती, दुसऱ्याकडून कळलं तर ते पोलिसात जातील आणि तुमचं स्वतःहून येणं मातीत जाईल. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि त्या दिवशी नळीत काडतूस असतं तर कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत, ते पण तुमच्यावर, मुलावर नाही. मुलाला मारू नका, ओरडलात तेवढं बास. जमा करून आलात की संध्याकाळी त्याला जवळ बोलवा, दिवाण उघडा आणि आत फक्त गोधड्या आहेत हे त्याला हात घालून बघू द्या, म्हणजे तो परत शोधत बसणार नाही.