गाडीतून कॅमेऱ्याची बॅग चोरीला गेली. लग्नाच्या ऑर्डरसाठी २ लाखांत पुन्हा सेट कसा उभा करावा, आणि विमा काढावा का?

तुम्ही बॉडी-लेन्सबद्दल सविस्तर विचारलंत आणि विमा शेवटी जोडलात. माझ्या मते क्रम उलटा हवा. एवढं ठामपणे सांगतो, कारण आमच्याच दुकानात एकाच पुरात दोन सेट बुडाले आणि भरपाई एकाचीच मिळाली.

आम्ही सांगलीचे. नदीकाठच्या गावभागात वडिलांचा फोटो स्टुडिओ, वर घर. दादा आणि मी मिळून चालवतो. दादाचं म्हणणं पहिल्यापासून असं की बँकेने कर्ज देताना दुकानाचा विमा उतरवलाय, मग आणखी हप्ता कशाला? मी सांगत आलो की ती पॉलिसी बँकेने स्वतःच्या कर्जासाठी घ्यायला लावली. तिच्यात फर्निचर, फ्रेमा, अल्बमचा कागद. कॅमेरे यादीत नाहीत, आणि असते तरी दुकानाच्या पत्त्यापुरते. कॅमेरा दुकानात असतो कधी? सीझनभर तो मांडवात, नाहीतर गाडीत. म्हणून मी माझ्या सेटची वेगळी ‘ऑल रिस्क’ पॉलिसी काढली, म्हणजे वस्तू दुकानाबाहेर असली तरी विमा लागू. बॉडी, प्रत्येक लेन्स, फ्लॅश, सगळं सीरियल नंबरसकट यादीत. दरवर्षी नूतनीकरणाला रक्कम त्या वेळच्या बाजारभावाची.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा चढली. नदीवरच्या आयर्विन पुलापाशी २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं, आणि अख्खा गावभाग त्या खुणेच्या हिशेबाने सामान वर चढवत होता. आम्हीही दोघांचे कॅमेरे माळ्यावर ठेवले. बोटीत माणसांनाच जागा होती, सामान घेत नव्हते. आईला घेऊन निघालो. या वेळी पातळी ५७ च्या पुढे गेली. पाणी ओसरल्यावर शटर उचललं, तर लेन्सच्या आत गाळ.

तलाठ्याचा पंचनामा झाला, मग नुकसान मोजायला विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. त्याचं म्हणणं, दुरुस्ती होईल. मी सर्व्हिस सेंटरकडून लेखी आणलं की दुरुस्तीचा खर्च परवडणारा नाही. घसारा कापला, बॅटऱ्या आणि बॅग यादीत नव्हत्या म्हणून त्यांचे पैसे नाहीत. तरी तुळशीच्या लग्नाआधी माझ्या हातात कामाचा सेट होता. दादाला फ्रेमांचे पैसे मिळाले, तेही थेट कर्जखात्यात जमा. आजही तो म्हणतो, तुझं नशीब. नशिबाचा संबंध नाही. माझी सगळी बिलं ईमेलवर होती.

आता तुमचे २ लाख. सगळे बॉडीत घालू नका. लग्नाला दोन कार्ड स्लॉट असलेलीच बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) हवी, म्हणजे फोटो दोन्ही कार्डांवर साठतात, कारण कार्ड गेलं तर मंगलाष्टका परत म्हणवून घेता येत नाहीत. वापरलेली निकॉन झेड ५ किंवा सोनी ए७ थ्री बघा, दोन्हींत दोन एसडी कार्डं बसतात. उरलेल्या पैशात एक २४-७० एफ २.८ आणि एक ८५ एफ १.८ लेन्स, त्याही वापरलेल्या चालतील, टॉर्च मारून आत बुरशी बघा. लांबून टिपायची ७०-२०० लेन्स भाड्याने आणा. कोणाकडे जुन्या लेन्स उरल्या असतील तर माउंट (लेन्स बसवायची खाच) बदलू नका, म्हणजे बॉडी त्याच कंपनीची घ्या. मात्र जुनं घेताना मूळ जीएसटी बिल आणि विकणाऱ्याकडून सीरियल नंबरसह लेखी पावती घ्याच. बिलाशिवायच्या ‘ग्रे’ मालाला स्वस्त म्हणणाऱ्यांशी मी वाद घालून थकलो. क्लेमच्या वेळी मालकी सिद्ध होत नाही.

विम्याची रक्कम कमी लावून हप्ता वाचवू नका. १ लाख २० हजारांची वस्तू ६० हजारांना उतरवली आणि दुरुस्ती २० हजारांची निघाली, तर सरासरीच्या कलमाने (विमा निम्मा, तर भरपाईही निम्मी) हातात १० हजार येतात, त्यातूनही पॉलिसीत तुम्ही सोसायचा ठरलेला वाटा वजा. तुमची चोरी गाडीतून झाली म्हणून हे कलम आधी वाचा: बऱ्याच पॉलिसींत गाडी कुलूपबंद हवी आणि काच किंवा दार फोडल्याची खूण हवी. मंगल कार्यालयात खुर्चीखाली ठेवलेली बॅग विसरली, तर ती चोरी धरत नाहीत. एफआयआर लगेच करा.

दादाच्या बाजूचं एकच मान्य करतो. हौसेखातर फोटो काढणाऱ्याला वेगळी पॉलिसी लागेलच असं नाही. बुरशी, झीज, कॅमेऱ्याचं आपोआप बिघडलेलं शटर यांचे पैसे कोणतीच साधी पॉलिसी देत नाही, आणि कार्डातले फोटो तर नाहीतच. धंद्यासाठी वापरणार हे अर्जात लिहा, ते लपवलं तर क्लेम नाकारायला तेवढं कारण पुरतं. नाकारलाच, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालाकडे जा. पुण्यात कार्यालय आहे, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.