चौघांचं घर, एकीच्या डोक्यात

«ताई, आम्ही डोंबिवलीला टू-बीएचकेमध्ये राहतो. मी ५७ वर्षांची, यजमान बँकेतून निवृत्त. मुलगा २८ चा, अमेरिकन क्लायंटसाठी रात्रपाळी करतो. तीन दिवस घरून, दोन दिवस ऐरोलीच्या ऑफिसात. मुलगी २४ ची, सीएची आर्टिकलशिप चालू आहे. नोव्हेंबरात घरात रोज काही ना काही घडलं. मुलीनं रात्री दूध तापत ठेवलं आणि फोनवर बोलत बसली. दूध उतू जाऊन गॅस विझला, वास आला म्हणून मी उठले. एका पहाटे मुलगा आला असेल असं समजून मी आतून कडी लावली. तो सव्वाचारला आला. माझा फोन सायलेंटवर होता, आणि बाबांची झोप मोडू नये म्हणून त्यानं बेल वाजवली नाही. दूधवाला येईपर्यंत जिन्यात बसून होता. एकदा झाडू घेऊन त्याच्या खोलीत गेले तर मीटिंग चालू, कॅमेरा चालू. सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडला. भरली वांगी केली त्याच दिवशी दोघांनी बाहेरून मागवलं. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा सकाळी मीच खाते. गिझर रात्रभर चालू राहिला म्हणून मी दोन दिवस अबोला धरला. मुलीला काम सांगितलं की म्हणते, दादाला का नाही सांगत? तिला उद्या सासरी जायचंय म्हणून सांगते हो. यजमान म्हणतात, सोड ना, मुलंच आहेत. चार मोठी माणसं घरात, आणि राबते मी एकटी. मुलाला भाड्यानं वेगळं राहा म्हणू का?»

सप्रेम नमस्कार.

सगळ्या घटना तुम्ही एका दमात, एकाच रागानं लिहिल्या आहेत. पण त्या सारख्या नाहीत. दुधाचा प्रकार जिवावर बेतणारा होता, गिझरचा नव्हता. दोन्हींसाठी घरात बोलणी सारखीच बसत असतील, तर मुलं दोन्ही सारखीच कानाआड करणार. म्हणून आधी गॅसचं बोलू.

ज्योत विझून गॅस येत राहिला की तो हवेपेक्षा जड असल्यामुळे ओट्याखाली, जमिनीलगत साचतो. वास आला की विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. बंद दिवा लावायचा नाही, चालू दिवा बंद करायचा नाही, एक्झॉस्ट फॅनही नाही. शेगडी आणि रेग्युलेटर बंद करायचा, दारंखिडक्या सताड उघडायच्या, सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि बाहेरून १९०६ ला फोन करायचा. हा नंबर चोवीस तास चालतो. मुलगा आणि मुलगी दोघांनाही ओट्यापाशी नेऊन रेग्युलेटर त्यांच्या हातानं बंद-चालू करायला लावा. पंचविशीतल्या कितीतरी मुलांनी तो कधी फिरवलेलाच नसतो. नळी पाच वर्षांनी बदलावी लागते, तिच्यावर छापलेली तारीखही त्यांनाच वाचू दे. पुढेमागे नवी शेगडी घ्याल तेव्हा ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी बघा. आणि गॅसवर काही ठेवलं की तिथून हलायचं नाही, या एका बाबतीत घरात कुणाचंही काही ऐकून घेऊ नका.

गिझरचं मात्र सोडून द्या. पंधरा लिटरचा, दोन हजार वॅटचा गिझर अठरा-वीस मिनिटांत पाणी तापवतो आणि मग थर्मोस्टॅट त्याला थांबवतो. पुढे रात्रभर पाणी गरम राखण्यापुरती थोडी वीज जाते. बंद करायची सवय हवीच, पण त्यापायी दोन दिवसांचा अबोला धरलात तर त्रास तुम्हालाच जास्त होतो.

आता कडीचं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे त्यांच्या वेळेवर काम करणाऱ्या आपल्या मुलांची पाळी तासाभरानं पुढे सरकते, ती थेट मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. एरवी सव्वातीनला येणारा मुलगा सव्वाचारला आला तो यामुळेच असावा. त्याला हे पाठ असणार, तुम्हाला कुणी सांगितलं नाही. यात चूक म्हणावी तर ती एवढीच. बाहेरच्या लॅचची किल्ली चौघांकडे असू द्या, आणि शेवटी येईल त्यानं कडी लावायची असं ठरवून टाका. तुम्ही रात्री उठलात तरी कडीला हात लावायचा नाही.

पण त्या पहाटेत मला आणखी एक गोष्ट दिसली. रात्रभर काम करून आलेला मुलगा तासभर जिन्यात बसला, वडिलांची झोप मोडायला नको म्हणून. ज्याला घरच्यांची पर्वा नाही तो असं करत नाही. तुमच्या मुलांना माया कमी नाही. त्यांना घर कसं चालतं हेच माहीत नाही, कारण ते सगळं तुमच्या एकटीच्या डोक्यात आहे. सिलिंडर कधी लावला, कामवाल्या मावशी कधी सुट्टीवर आहेत, वीजबिलाची शेवटची तारीख कोणती, कणीक किती भिजवायची. मुलं दहावीत होती तेव्हा हे तसंच असायला हवं होतं. आता ती दोघं नोकरी करतात, साहेबांना जबाब देतात, आणि घरी आली की पुन्हा दहावीतली होतात. तुम्हीही त्यांना तसंच धरता. सुटंसुटं काम सांगता, आठवण करता, झालं नाही की स्वतः उठून करता.

त्यापेक्षा अख्खं कामच देऊन टाका. महावितरणचं बिल मुलाकडे. आलं का, किती आलं, भरलं का, हे त्यानं बघायचं. उशीर झाला तर भुर्दंड त्याच्या खिशातून. अंधार होईल या भीतीनं तुम्ही गुपचूप भरायला जाऊ नका, सगळा खेळ तिथेच बिघडतो. सिलिंडर नोंदवणं मुलीकडे. आठवड्याची भाजी दोघांनी आळीपाळीनं आणायची, कोथिंबीर जून निघाली तरी काही न बोलता वापरायची. पहिले पंधरा दिवस तुमचे हात शिवशिवतील. ते आवरणं हेच तुमच्या वाट्याचं काम, आणि या सगळ्यात अवघड तेच आहे.

वाटणी करताना मुलीचा प्रश्न मनावर घ्या. दादाला का नाही सांगत, हे ती उद्धटपणे विचारत नाहीये, तिचं बरोबर आहे. तिला सासरी जायचंय म्हणून स्वयंपाक यायला हवा आणि त्याला नाही, हा हिशोब तिला पटत नाही, मलाही पटत नाही. उद्या त्याचं लग्न झालं तर घरात येणारी मुलगीही नोकरी करणारीच असेल. कुकर लावणं, डाळ फोडणीला टाकणं, स्वतःचे कपडे वाळत घालणं त्याला यायलाच हवं, आणि आजपासून.

आणि यजमान? ते निवृत्त आहेत, त्यांच्याकडे वेळ आहे. चहाचा कप टेबलावरच सोडून ते उठतात आणि तुम्ही तो उचलता, हे मुलं वर्षानुवर्षं बघत आलीत. त्यांचा कप त्यांनी विसळला, तर मुलाला वेगळं सांगावं लागणार नाही. मुलांशी बोलण्याआधी हे त्यांच्याशी बोला, दोघंच असताना. त्यांनी मुलांसमोर पुन्हा ‘सोड ना’ म्हटलं तर तुमचं सगळं बोलणं वाया जाईल.

मीटिंगच्या बाबतीत मी तुमच्या मुलाच्या बाजूची आहे. दार बंद असेल तर टकटक केल्याशिवाय आत जायचं नाही, मग ते घर तुमचं असलं तरी. ती खोली आता त्याचं ऑफिसही आहे. पण चारचौघांत आईवर ओरडणं मला मुळीच मान्य नाही, आणि त्याबद्दल त्यानं तुमची माफी मागायला हवी. तुम्ही मनात ठेवून झुरू नका, स्पष्ट सांगा: ‘मी न विचारता आले ते चुकलं, पण तू ओरडलास ते मला फार लागलं.’ खोली झाडायची ती त्यानं, त्याच्या सोयीनं. नाही झाडली तर राहू दे तशीच.

जेवणाचं सोपं आहे. संध्याकाळी पाचपर्यंत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो ‘जेवणार’ असं लिहील, त्याच्याच पोळ्या करायच्या. लिहून न जेवणाऱ्याच्या पोळ्या सकाळी त्याच्याच ताटात. कुस्करा फोडणीला टाकायचा तोही त्यानंच. तुम्ही तो खाणं आजपासून बंद करा. वर्षानुवर्षं शिळं स्वतःच्या ताटात ओढून घेतलेल्या बायका मी खूप पाहिल्या आहेत. त्यांच्या घरात कुणाला त्याचा पत्ताही नसतो.

पैशांचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, तरी सांगते. कमावत्या मुलानं दर महिन्याला ठरलेली रक्कम घरखर्चाला द्यावी. वाढदिवसाला भारी मिक्सर आणणं वेगळं, आणि किराण्याचा वाटा उचलणं वेगळं. मुलीनं तिच्या स्टायपेंडमधून थोडे दिले तरी पुरे.

राहता राहिला वेगळं राहण्याचा प्रश्न. रागाच्या भरात ‘भाड्याचं घर बघ’ म्हणू नका, ते शब्द मागे घेता येत नाहीत. त्याला स्वतःला ऐरोलीजवळ राहावंसं वाटत असेल तर गोष्ट वेगळी. मग डिपॉझिटची मदत करा आणि आनंदानं पाठवा. पण तो निर्णय उतू गेलेल्या दुधावरून आणि गिझरवरून व्हायला नको. मार्चपर्यंत ही व्यवस्था चालवून बघा. तोवर त्याला बिल भरता येईल, वरणभात करता येईल. मग तो राहिला काय आणि गेला काय, त्याच्याशी बोलताना तुमच्या मनात हा राग नसेल.

तुमची,
ताई