अपेंडिक्स फुटल्यावर पुवाच्या रिपोर्टमध्ये अर्ध्या औषधांपुढे ‘आर’ आलंय, आता काय?

मेहुण्यांचं अपेंडिक्स फुटलं, जळगावला ऑपरेशन झालं, कल्चरमध्ये (पुवातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) ‘ई. कोलाय, ईएसबीएल’ आलं; ई. कोलाय हे आतड्यातल्या जंतूचं नाव. आता मुंबईला हलवावं का, असं तुम्ही विचारलंय. मी धुळ्याला लॅबमध्ये हेच रिपोर्ट काढतो. डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

‘आर’ म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. आम्ही प्लेटवर जंतू पसरवतो, वर औषधाच्या बारीक टिकल्या ठेवतो. दुसऱ्या दिवशी लागू पडणाऱ्या टिकलीभोवती स्वच्छ गोल दिसतो. तुमच्यासारख्या केसमध्ये सेफ्ट्रियाक्झोन या अँटिबायोटिकच्या टिकलीला जंतू पार चिकटून वाढलेले असतात. हे औषध तोडणारं एन्झाइमच तो जंतू बनवतो, त्यालाच ईएसबीएल म्हणतात. अशा वेळी बहुतेक डॉक्टर मेरोपेनेम या जास्त ताकदीच्या अँटिबायोटिककडे वळतात. त्यापुढे ‘एस’, म्हणजे ‘लागू पडतं’, असेल तर औषध आहे, घाबरू नका. तिथेही ‘आर’ असेल तर मात्र प्रकरण अवघड. मग कोलिस्टिनसारखं किडनीला त्रास देणारं किंवा फार महागडं औषध उरतं.

हॉस्पिटलातच लागण झाली असेल, असं लगेच धरू नका. असे जंतू धडधाकट माणसाच्या आतड्यातही असतात, आतडं फुटलं की पोटात उतरतात. बाजाराला आलेला माणूस मेडिकलवर ‘भाऊ, तापनी गोयी दे’ म्हणतो आणि त्याला सेफ्ट्रियाक्झोनच्याच जातीतल्या सेफिक्झिमची अर्धी स्ट्रिप मिळते, ते जंतू तिथेच पोसले जातात. स्ट्रिपवर ‘चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ सांगणारी लाल रेघ असते, पण बघतो कोण!

आता मुख्य गोष्ट: पू पूर्ण निघाला का? साचलेल्या पुवात औषध नीट पोचत नाही. अमेरिका-कॅनडात ५१८ पेशंटवर झालेला अभ्यास २०१५ साली आला. त्यात पुवाचा नीट निचरा झालेल्यांना चारेक दिवसांचं अँटिबायोटिक आठेक दिवसांइतकंच पुरलं. म्हणून सर्जनना विचारा: ताप उतरतोय का, सोनोग्राफी किंवा सीटीत गळू दिसतंय का? नमुना ऑपरेशनच्या वेळचा की नंतर ड्रेनच्या नळीतून घेतलेला, हेही विचारा. जुन्या नळीत बाहेरचे जंतू बसतात, त्यांच्यावर औषधं वाढवण्यात अर्थ नसतो.

नुसत्या ‘आर’साठी मुंबई गाठू नका. ताप हटत नसेल, लघवी कमी झाली असेल, बीपी पडत असेल आणि तिथे आयसीयू किंवा सुई घालून गळू काढायची सोय नसेल, तर मात्र उशीर करू नका. जाताना कल्चरचा कागद, सीटीची फिल्म आणि कुठलं इंजेक्शन कोणत्या तारखेपासून चालू आहे, हे लिहून न्या.