सिडकोत जमीन गेलेल्या घराची वंशावळ कशी शोधायची?

तुमचा प्रश्न असा: घर मूळचं घणसोलीचं, जमीन सिडकोसाठी गेली, आजच्या सातबाऱ्यावर नाव नाही, पणजोबांच्या मागचं काही मिळेल का?

बरंचसं मिळू शकतं. आधी घरातली साडेबारा टक्क्यांची, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात सिडकोने भूखंड देण्याच्या योजनेची, फाईल काढा. त्यात वारस दाखला असेल तर वंशावळ अर्धी तयारच आहे. मात्र ती हक्कापुरती असते. निर्वंश वारलेला भाऊ किंवा लहानपणी गेलेली मुलं तिच्यात सापडणार नाहीत.

फाईलमधून किंवा भूसंपादनाच्या निवाड्यातून जुने सर्व्हे आणि हिस्सा नंबर उतरवून घ्या. संगणकावरचा उतारा इथे कामाचा नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षात हस्तलिखित सातबाऱ्याच्या नकलेसाठी अर्ज करा. कंसातलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव आणि शेजारी वर्तुळात लिहिलेला आकडा म्हणजे फेरफाराचा, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा, क्रमांक. सातबारा ही नुसती अनुक्रमणिका, घराण्याची हकिगत फेरफारात असते: खातेदार कधी मयत झाला, मुलगे किती, विधवा कोण. एका फेरफारातल्या मयताचं नाव घेऊन, ते ज्या नोंदीने लागलं तो आधीचा फेरफार मागायचा, असं एकेक पायरी मागे जायचं. अर्जात गाव, सर्व्हे नंबर आणि फेरफार क्रमांक हवेतच. ‘आमच्या कुटुंबाचे सर्व कागद द्यावेत’ अशा अर्जावर कारकून तरी काय शोधणार!

लोक सगळ्यात जास्त फसतात ते संक्षेपांत. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकट्या थोरल्याचं लागतं, म्हणून त्याला भाऊ नव्हते असं धरू नका. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. हे दिसलं की वारस तेव्हा अल्पवयीन होता, म्हणजे जन्मसालाचा अंदाज फुकटात मिळाला. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. बहिणींसाठी ‘इतर हक्क’ हा रकाना आणि हक्कसोडपत्राचे फेरफार बघा, तिथे त्यांची सासरची आडनावंही मिळतात. 1956च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या नोंदींत मात्र मुली सहसा नसतात.

घर कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारं, असेल तर 1 एप्रिल 1957च्या, म्हणजे कुळांना कायद्याने मालक मानलं गेलं त्या कृषक दिनाच्या, आधी मालकाच्या रकान्यात नाव शोधत बसू नका. तिथे जमीनदार असेल. तुमचे पूर्वज कुळाच्या नोंदीत आणि खालच्या पीकपाहणीत, म्हणजे नमुना बारामध्ये, असतील.

जमीनच नसेल तर गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक: जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. कुणबी नोंदींच्या शोधात 2023पासून अनेक जिल्ह्यांनी असे कागद स्कॅन करून संकेतस्थळावर टाकले आहेत, तेव्हा तहसीलला खेटे घालण्याआधी ते पाहून घ्या. पुष्कळ पानं मोडीत असतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्दही सुटे लिहीत नाहीत, म्हणून एकच नाव दोन जाणकारांकडून स्वतंत्रपणे वाचून घ्यावं. शाळेच्या जनरल रजिस्टरमधला पत्ता आणि वडिलांचं नाव उपयोगी पडतं. जन्मतारखेवर फार विसंबू नका, 1 जून ही कित्येकदा गुरुजींनी दिलेली असते.

आणखी एक घोळ म्हणजे नातवाला आजोबांचं नाव. धर्मा बिन राघो, राघो बिन धर्मा, पुन्हा धर्मा बिन राघो. आडनाव लिहिलेलं नसलं की दोन धर्मा एक होऊन बसतात आणि दोन पिढ्या गळतात. प्रत्येक नावापुढे नोंदीचं साल लिहा. पिढीला साधारण 25 ते 30 वर्षं धरून हिशेब जुळतो का ते पाहा. शक लिहिलेला असेल तर इसवी सनासाठी 78 मिळवा, पौष ते फाल्गुनातल्या तारखेला बहुतेक वेळा 79.

आजीचं माहेर पनवेलकडचं असेल तर 1883पर्यंत तो भाग ठाणे जिल्ह्यात होता, तेव्हा त्याआधीचे कागद कुलाब्याऐवजी (म्हणजे आजच्या रायगडऐवजी) ठाण्याच्या दप्तरात शोधा. त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या, यजमानांच्या वंशावळी लिहिलेल्या, वह्या पाहायला गेलात, तर आजचा कोपरखैरण्याचा फ्लॅट सांगू नका. मूळ गाव, आडनाव आणि जात सांगा.