नोंदणीकृत मृत्युपत्र आणि प्रोबेटची नोटीस: ‘नोंदणी झाली म्हणजे संपले’ हे खरे नाही

ताई, वडिलांच्या नोंदणीकृत मृत्युपत्रात फ्लॅट आणि शेतजमीन दोन्ही धाकट्या भावाला दिलेली आहेत, तोच मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक म्हणून नेमलेला असल्याने त्याने जिल्हा न्यायालयात प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला मिळवण्याचा, अर्ज केला आहे, आणि नोंदणी झालेली असताना हरकत घेण्यात काही अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. अर्थ आहे, मात्र नोटिशीत दिलेल्या तारखेपूर्वी कॅव्हेट, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय प्रोबेट देऊ नये अशी लेखी सूचना, न्यायालयात दाखल करा आणि हरकतीची कारणे शपथपत्रावर मांडा. हरकत आली की अर्जाला दाव्याचे स्वरूप येते, साक्षीपुरावे होतात आणि मृत्युपत्र सिद्ध करण्याचा भार भावावर पडतो.

आता नोंदणीविषयी. मृत्युपत्राची नोंदणी कायद्याने ऐच्छिक आहे आणि ती झाली म्हणून मृत्युपत्र आपोआप सिद्ध होत नाही. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार किमान दोन साक्षीदार लागतात. त्या प्रत्येकाने वडिलांना सही करताना पाहिलेले असावे, किंवा ‘ही माझी सही’ अशी कबुली त्यांच्याकडून ऐकलेली असावी, आणि स्वतःची सही वडिलांच्या समक्ष केलेली असावी. दोघे एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे नाही. न्यायालयात निदान एक हयात साक्षीदार तपासावा लागतो, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक प्रकरणे इथेच अडखळतात, कारण साक्षीदार ‘माझी सही आहे’ एवढेच सांगतो आणि दुसऱ्याने कोणासमोर सही केली हे त्याला सांगता येत नाही. जानकी नारायण भोईर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या अशाच उणिवेवरून मृत्युपत्र सिद्ध न झाल्याचे ठरवले होते. म्हणून आपल्या वकिलांनी उलटतपासणीची खरी तयारी या मुद्द्यावर करावी.

संशयास्पद परिस्थितीचा मुद्दा याच्या जोडीने येतो. १९५९ च्या वेंकटाचल अय्यंगार निकालापासून तत्त्व असे आहे की, थरथरती सही, त्या काळातील गंभीर आजारपण, किंवा लाभ मिळणाऱ्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात घेतलेला पुढाकार, अशा शंकांचे निरसन मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच करायचे असते. त्या महिन्यांतील दवाखान्याची कागदपत्रे आजच मिळवा. मात्र ‘मला काहीच दिले नाही’ एवढी तक्रार पुरेशी नाही, कारण वारसाला वगळण्यासाठीच पुष्कळदा मृत्युपत्र केले जाते. फसवणूक किंवा दबावाचा आरोप केलात, तर तो मात्र आपल्यालाच सिद्ध करावा लागेल; हाती पुरावा नसताना रागाच्या भरात तो शपथपत्रात घालू नका.

शेतजमीन वडिलोपार्जित असल्याचे आपण लिहिले आहे. प्रोबेट न्यायालय मृत्युपत्र खरे की नाही एवढेच पाहते, मालकीचा प्रश्न ते सोडवत नाही. वडिलांना त्यात फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगीही सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हिस्सेदार, असल्याने आपल्या हिश्श्यासाठी दिवाणी न्यायालयात वाटपाचा वेगळा दावा लावावा आणि त्यातच विक्रीविरुद्ध मनाई हुकूम मागावा. दरम्यान तलाठ्याकडे भावाच्या नावाचा फेरफार झाला तरी घाबरू नका, महसुली नोंदीने मालकी ठरत नाही. हरकत मात्र तिथेही लेखी नोंदवा आणि पोच घ्या.