किश्लोव्स्कीने माहितीपट करणं का सोडलं?

‘थ्री कलर्स’चे तिन्ही चित्रपट पाहिल्यावर तुम्हाला कळलं की त्यांचा पोलिश दिग्दर्शक क्रिस्तॉफ किश्लोव्स्की आधी कितीतरी वर्षं माहितीपट करत होता, आणि तुम्ही विचारलंय की मग त्यानं ते सोडलं का. बरेच जण म्हणतात, त्याला मोठा पडदा हवा होता. मला हे अजिबात पटत नाही. आपला कॅमेरा खऱ्या माणसांचं नुकसान करू शकतो याची त्याला भीती वाटायला लागली होती, आणि ही भीती त्याच्या कारकिर्दीत वर्षानुवर्षं साठत गेलेली दिसते.

जन्म 1941 चा, वॉर्सामधला. वडिलांना क्षय, त्यामुळे बालपण आरोग्यधामांच्या गावांमधून फिरण्यात गेलं. अग्निशमन दलाच्या शाळेत घातलं, तिथे तो काही महिनेच टिकला. वूचच्या (नकाशात हे शहर ‘लोड्झ’ म्हणून सापडेल) चित्रपट विद्यालयाने दोनदा नाकारलं, तिसऱ्यांदा घेतलं. सत्तरच्या दशकातल्या साम्यवादी पोलंडमध्ये वर्तमानपत्रांत एक जग छापून यायचं आणि लोक वेगळ्याच जगात राहायचे. ते दुसरं जग नोंदवून ठेवायचं, एवढीच त्याच्या पिढीच्या माहितीपटकारांची इच्छा होती.

1977 मध्ये त्यानं एका कारखान्याच्या दरवानावर छोटा माहितीपट केला. लोकांवर नजर ठेवणं आणि नियम मोडणाऱ्याला पकडणं यातच या दरवानाला सुख. तो कॅमेऱ्यासमोर मनापासून, अभिमानानं बोलतो आणि आपल्या अंगावर काटा येतो. पण हा माहितीपट टीव्हीवर दाखवायला किश्लोव्स्कीचाच विरोध होता. शेजारपाजारचे त्या माणसाला जगू देणार नाहीत, असं त्याला वाटलं. त्याचा राग माणसावर नव्हता, माणसाला असं घडवणाऱ्या व्यवस्थेवर होता.

मग 1980 चा ‘स्टेशन’. वॉर्साच्या मुख्य रेल्वे स्थानकावर रात्री चित्रण चालू होतं, सामानाचे लॉकर, ताटकळणारे प्रवासी वगैरे. एके दिवशी पोलिसांनी सगळी चित्रफीत उचलून नेली. एका मुलीने आईचा खून करून प्रेत सुटकेसमध्ये घालून तिथल्याच लॉकरमध्ये ठेवलं होतं, आणि ती कुठल्या फ्रेममध्ये सापडते का हे त्यांना बघायचं होतं. सापडली नाही. पण कॅमेरा थोडा दुसरीकडे वळला असता तर आपण नकळत पोलिसांचे खबरे झालो असतो, हा विचार किश्लोव्स्कीच्या डोक्यातून गेला नाही. मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की हीच भीती त्यानं वर्षभर आधी ‘कॅमेरा बफ’ या कथापटात मांडली होती. त्यातला कामगार मुलीच्या जन्मानिमित्त 8 मिलिमीटरचा कॅमेरा घेतो, नाद वाढत जातो आणि त्याच्या फिल्ममुळे त्याच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसाची नोकरी जाते.

डिसेंबर 1981 मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला. राजकीय खटल्यांचं चित्रण करायला तो न्यायालयात गेला, तर न्यायाधीश कॅमेऱ्यासमोर कडक शिक्षा द्यायलाच कचरू लागले. अन्यायी निकाल देताना आपला चेहरा नोंदला जावा असं कुणाला वाटेल? आरोपींचे वकीलच मग त्याला बोलावू लागले. त्यानं आणखी एक कॅमेरा आणला आणि पुढे तर त्यांत फिल्म न घालताच तो ते उभे करत असे. माहितीपट झाला नाही, पण काही माणसं तुरुंगातून वाचली. आणि तिथेच त्याला क्रिस्तॉफ पिएसीविच हा वकील भेटला. ‘नो एंड’पासून (1985) पुढचे सगळे कथापट या दोघांनी मिळून लिहिले. बायबलमधल्या दहा आज्ञांवर कुणीतरी चित्रपट करायला हवा, ही कल्पनाही पिएसीविचची.

त्यातून झालेली ‘डेकालॉग’ ही मालिका म्हणजे वॉर्सातल्या एकाच वसाहतीतल्या दहा गोष्टी. पाचव्या भागात एक तरुण टॅक्सीवाल्याला मारतो आणि मग शासन त्या तरुणाला मारतं, दोन्ही मृत्यू सारख्याच बारकाईनं दाखवलेले. पुण्यात एका फिल्म सोसायटीत तो पाहिल्यापासून आजवर मी तो पुन्हा सलग बघू शकलेलो नाही. याचीच मोठी आवृत्ती 1988 मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात गाजली. पोलंडमधली शेवटची फाशीही त्याच वर्षातली.

‘ब्लू’, ‘व्हाइट’, ‘रेड’ तुम्ही पाहिलेच आहेत, त्यामुळे एकच सांगतो. ‘ब्लू’मध्ये नायिका झूली कॉफीत साखरेची वडी बुडवते, ते क्षण आठवतात? ती वडी पाचच सेकंदांत भिजायला हवी होती, कारण त्याहून जास्त वेळ प्रेक्षक तिच्याकडे बघणार नाही असं त्याचं म्हणणं होतं. सहायकाने त्यासाठी अर्धा दिवस निरनिराळ्या वड्या भिजवून पाहिल्या. माझ्या मते माहितीपटकार किश्लोव्स्की इथे शाबूत आहे. खऱ्या अश्रूंचं चित्रण करायचा आपल्याला हक्क आहे का, हा प्रश्न त्याला छळत असे. म्हणून अश्रू त्यानं नटांकडे सोपवले, नजर मात्र तीच ठेवली.

1994 मध्ये ‘रेड’नंतर त्यानं निवृत्ती जाहीर केली. मार्च 1996 मध्ये हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर तो गेला, वय अवघं 54.

आता तुम्ही त्याचा ‘टॉकिंग हेड्स’ हा माहितीपट बघा, जेमतेम पंधरा मिनिटांचा आहे. जन्म कधीचा, तुम्ही कोण, तुम्हाला काय हवंय, हे प्रश्न तो तान्ह्या बाळापासून सुरुवात करून वाढत्या वयाच्या माणसांना विचारत जातो. शेवटी शंभर वर्षांच्या आजी येतात. त्यांना अजून जगायचं असतं, पुष्कळ जगायचं असतं. ते बघून झालं की लगेच ‘डेकालॉग’चा पहिला भाग लावा.